कोळशाच्या मोटारीतली झोप

परतवाड्याहून अमरावतीला जाणाऱ्या मोटारीत मागच्या बाकावर बसलं की फार सुरेख झोप लागते, हे मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच शनिवारी शोधून काढलं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. अचलपूरच्या मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळाली होती. घर अमरावतीला. वडील तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. आठवडाभर मी अचलपूरला आमच्या मुख्याध्यापिकांकडे राहायची. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणे. शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटली की टांग्याने परतवाड्याला जायचं, मोटार धरायची आणि दिवेलागणीला घरी पोचायचं.

युद्ध चालू होतं. पेट्रोल जवळजवळ दिसेनासं झालं होतं आणि वऱ्हाडातल्या बहुतेक मोटारी लाकडी कोळशावर चालू लागल्या होत्या. मोटारीच्या पाठीला माणसाच्या उंचीचं एक लोखंडी पिंप बसवलेलं असे. त्यात वरून कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा, आणि बाजूचा पंखा हाताने फिरवत राहायचं. निखारा धरला की आत गॅस तयार होई. तो नळीतून इंजिनात जाई आणि मोटार एकदोनदा खोकून सुरू होई. या सगळ्याला अर्धा तास सहज लागायचा. तोवर उतारू चहा पीत, पानं खात, आणि ज्याला उत्साह असेल तो पंखा फिरवून देई. मीही एकदा फिरवला होता. तळहाताला दोन दिवस गंज आणि धुराचा वास येत राहिला.

मोटार चालवणारे ड्रायव्हर अचलपूरचेच होते. मुसलमान, साठीकडे झुकलेले, दाढी मेंदीने लाल केलेली. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते फारसं बोलत नसत. चढ आला की मान मागे वळवून एवढंच म्हणत, "उतरा बापा जरा." मग पुरुष मंडळी उतरून ढकलत. कोळशाच्या गॅसवर मोटारीला दमच नसे. पूर्णेच्या उतारावर ती गाणं म्हटल्यासारखी घरंगळे आणि पलीकडच्या चढावर तिचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा होई.

त्या संथ प्रवासाची मला चटक लागली होती. दिवाळीनंतरचे दिवस, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मैलच्या मैल पांढरं. वेचणाऱ्या बाया पाठीला झोळ्या बांधून वाकलेल्या. मागच्या बाकावर भट्टीची ऊब पाठीला लागायची. आसेगाव गेलं की डोळे जड व्हायचे आणि शेतं पाण्यासारखी हलायला लागायची. गुडघाभर पांढऱ्या पाण्यात बाया उभ्या आहेत, त्या आपल्याकडे बघून काहीतरी सांगताहेत आणि ते ऐकू येत नाही, असं वाटायचं. कधी मी लहान असायची आणि कुणीतरी मला उचलून नेत असायचं. वलगावला मोटार थांबली की जाग यायची. डोकं ठणकत असायचं. पण ते उन्हाने, असं मी धरून चालले होते. आई म्हणायची, "तिकडची हवा मानवली गं तुला. गाल कसे लाल झालेत."

घरी त्या दिवसांत आई जुन्या वस्तू बाहेर काढत होती. रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं आणि तेही पुरत नसे, म्हणून कंदील फळीवर गेला आणि करंजीच्या तेलाची पणती खाली आली. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या पूर्वीपासूनच होत्या. वडील पणतीशी वही तपासत बसले की हसून म्हणत, "माझ्या लहानपणी अकोल्याला आमच्याकडे हेच तेल होतं. मग रॉकेल आलं तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं, आता अंधार संपला. आपण आता उलट्या पावलांनी चाललो आहोत. पेट्रोलवरून कोळशावर, रॉकेलवरून करंजीवर." त्यांना त्या उलट चालण्यात गंमत वाटत होती. मलाही वाटत होती.

मागच्या बाकाची ख्याती फक्त माझ्यापुरती नव्हती. रडकं मूल असलेल्या बाया मुद्दाम तिथे बसत. मूल दहा मिनिटांत निवांत होई. "या मोटारीत पोरगं कसं गुमान झोपते," असं त्या एकमेकींना सांगत. मीही सांगत असे.

मकर संक्रांतीच्या आधीचा शनिवार होता. थंडी होती, त्यामुळे खिडक्यांचे कॅनव्हासचे पडदे सोडून बांधून टाकलेले. परतवाड्यालाच एक तरुण बाई चढली. कडेवर सातआठ महिन्यांची मुलगी, दात येत असल्याने किरकिरणारी. ती पुढे बसायला निघाली होती. मीच तिला हाक मारली.

"इकडे मागे या. इथे ऊब आहे, ती झोपेल."

ती माझ्याजवळ येऊन बसली. माहेराहून सासरी आसेगावला निघाली होती. आम्ही थोडं बोललो. तिने मला तिळाची वडी दिली. मुलीने माझं बोट धरलं आणि तोंडात घातलं. थोड्या वेळाने तिची पकड सैल झाली. तिची आई म्हणाली, "झोपली पाहा." त्यानंतर तीही भिंतीला डोकं टेकून झोपली.

मला त्यानंतरचं जे आठवतं ते खरं किती आणि स्वप्न किती, हे मी आजही सांगू शकत नाही. मोटार पाण्याखालून चालली होती. सगळ्या उतारूंच्या माना एकाच वेळी एका बाजूला झुकत होत्या, पाण्यातल्या गवतासारख्या. मला कुठलीही भीती नव्हती. उठून पुढे जावं असं मनात आलं, पण पाय माझे नव्हते, आणि ते माझे नाहीत याचंही काही वाटत नव्हतं. इतकी शांती मला त्याआधी मिळाली नव्हती आणि नंतरही कधी मिळाली नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

जाग आली तेव्हा मी जमिनीवर होते. वर चिंचेची पानं होती. कुणीतरी तोंडावर पाणी मारत होतं. मी उठायला गेले आणि ओकारी आली. शेजारी ती बाई पडलेली होती आणि चाचा, त्यांच्या लाल दाढीचे केस घामाने हनुवटीला चिकटलेले, त्या मुलीला पालथं हातावर घेऊन पाठीवर थोपटत होते.

"रड माये," ते म्हणत होते. "रड. रड की वं माये."

मोटारीतले सगळे भोवती उभे होते. एका म्हाताऱ्याने फेटा सोडून वारा घालायला सुरुवात केली. मला त्या मुलीचा चेहरा दिसला. गुलाबी होता, छान. झोपलेल्या मुलांचा असतो तसा.

ती रडली. किती वेळाने, माहीत नाही. आधी एक उचकी, मग मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज, मग खरं रडणं. चाचा तिला घेऊन मटकन खाली बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

झालं होतं ते असं: आसेगावला मोटार थांबली, त्या बाईचं गाव आलं, आणि चाचांनी हाक मारली तरी मागून कुणी उठेना. दुसऱ्यांदा हाक मारून ते मागे आले, तेव्हा आम्ही तिघी एकमेकींवर कलंडलेल्या दिसलो. त्यांनी आधी चाकूने पडदे फाडले आणि मग एकेकीला उचलून बाहेर आणलं. नंतर त्यांनी हात फिरवून पाहिलं, तर पिंपापासून निघणाऱ्या नळीच्या जोडाला फट पडली होती. ती फट बाकाच्या मागेच होती.

आसेगावची माणसं धावत आली. त्या बाईला शुद्ध आली होती. तिला आणि मुलीला बैलबंडीत घालून घरी नेलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. "इकडे मागे या" हे मीच म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. माझ्या होतं.

त्या संध्याकाळी चाचा मला घरापर्यंत सोडायला आले. माझे वडील ओट्यावर होते. चाचांनी टोपी काढली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, "मास्तरसाहेब, गाडी मालकाची हाय, पन हात माहा होता. तुमची पोरगी माह्या गाडीत मरत होती आन मले समोर ठावूक नोयतं. माफी मांगाले आलो."

वडिलांनी त्यांना बसायला सांगितलं. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "धुराचा वास येत होता का?" चाचा म्हणाले, नाही. "डोकं दुखायचं का कुणाचं?" त्यावर मीच म्हटलं, "माझं. दर शनिवारी."

वडील उठून आत गेले. मी त्यांच्यामागे गेले. ते पुस्तकांच्या कपाटापाशी उभे होते; पण पुस्तक काढलं नव्हतं.

"दरवर्षी फळ्यावर लिहितो मी," ते म्हणाले. "कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. रंग नाही, वास नाही, विषारी; गाल उलट लाल दिसतात. मुलं वहीत उतरवून घेतात. आणि तू दर आठवड्याला त्यावर बसून येतेस, डोकं दुखतं म्हणतेस, आणि मी तुला सुंठ उगाळून लावायला सांगतो."

त्यांना इतकं खचलेलं मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, मला काही झालेलं नाही." त्यांनी मान हलवली, पण ऐकल्यासारखं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी मी त्याच मोटारीने परत गेले. दुसरी नव्हतीच. मागचा बाक काढून टाकलेला होता आणि त्या जागी चाचांनी फळ्या ठोकून आडोसा केला होता. खिडक्यांचे पडदेही गेले होते. मालकाला ते पसंत पडलं नाही, उतारू थंडीने कुरकुरले, पण चाचा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. जो पडद्याचं म्हणे त्याला ते म्हणत, "घोंगडी घे बापा. जीत्त्या मानसाले थंडी लागते."

मला ते एवढ्यावर सोडता येईना. रोज वर्गात मुलींना शुद्धलेखन घालताना ती गुलाबी मुलगी डोळ्यांपुढे यायची. मला वाटू लागलं की आपण ज्या कोळशावर येत-जात होतो तो कुठून येतो, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. एका रविवारी मी घरी गेले नाही. चाचा डोंगरात कोळसा भरायला जातात हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, मोठ्या बाईंना घेऊन येऊ का. चाचा म्हणाले, "पाहासारखं काही नाई बाई तिथं. धूर हाय."

तरी आम्ही गेलो. रस्ता चढत जातो तशी थंडी वेगळी होते, कोरडी आणि पानांच्या वासाची. धावड्याची, सागाची झाडं. मोटार एका नाल्यापाशी थांबली, पुढे पायी. आधी झाडी होती आणि मग एकाएकी नव्हती. एक अख्खी उतरण मोकळी होती. खोडांचे बुंधे तेवढे उरलेले, आणि मधे मातीने लिंपलेले मोठे ढीग, त्यांच्या भोकांतून हळूहळू धूर निघणारे. उन्हात तो धूर निळा दिसे आणि कुठेच जात नसे. सगळी टेकडी झोपेत श्वास घेते आहे असं मला वाटलं.

एका ढिगाजवळ एक कोरकू बाई उकिडवी बसली होती. वय सांगता येणार नाही असं. हातात ओली माती. ढिगाला तडा गेला की ती लिंपायची, कारण हवा शिरली तर आत ज्वाळा होऊन सगळा कोळसा राख होतो. ती आपल्या भाषेत आणि मोडक्या हिंदीत बोले, आणि चाचा मला त्याचं मराठी करून सांगत.

मी ढिगाच्या जवळ जाऊन उभी राहिले, ऊब बरी वाटत होती म्हणून. तिने हाताने खूण करून मला मागे सारलं.

"तिकडून उभ्या ऱ्हा म्हंते," चाचा म्हणाले. "वाऱ्याच्या वरच्या अंगाले. भट्टीच्या बाजूनं बसलं का गोड झोप येते म्हंते, आन ज्याले झोप आली त्याले भट्टी ठेवून घेते. तिचा भाऊ तसाच गेला."

मी चाचांकडे पाहिलं. तेही माझ्याकडे पाहत होते. वर्षभर ते इथून पोती भरून नेत होते. ही बाई त्यांना दर वेळी दिसत होती. त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं आणि तिला सांगायचं कारण पडलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी विचारलं, एवढा ढीग किती दिवस जळतो. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. मग तिने उलट विचारलं, आणि चाचा हसले.

"काय म्हणते?"

"म्हंते, या कोयशाची मोटर काय वाहून नेते? मी सांगितलं, मानसं. म्हंते, कुठं? म्हटलं, अमरावतीले. म्हंते, मंग ते तिथंच ऱ्हातात का? म्हटलं, नाई, परत येतात." चाचा थांबले. "म्हंते, परत याचंच हाय त जातात काहून?"

ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती. खवचटपणा नव्हता तिच्या चेहऱ्यावर, खरंच विचारत होती. मला सांगता आलं असतं की मी आईवडिलांना भेटायला जाते. मी सांगितलंही. चाचांनी ते तिला कळवलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा ढिगाला माती लावायला लागली. ते उत्तर तिला पटलं असावं. मला मात्र त्या बुंध्यांकडे बघवेना. एकेका बुंध्यावर मी बसले असते तर माझ्यासारख्या आणखी दोघी मावल्या असत्या.

त्यानंतर युद्ध संपेपर्यंत मी त्या मोटारीने जातच राहिले, फक्त दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा. एवढंच मला जमलं. त्याने एकही झाड वाचलं नसेल. चाचा सांगायचे, कोळसा आता आणखी आतून आणावा लागतो. तो नाला होळीलाच आटतो, पूर्वी त्यात वैशाखात म्हशी डुंबत. आसेगावला मोटार थांबली की मी खाली उतरून उभी राहायची. दोनेक वर्षांनी ती बाई दिसली. ती बाजारातून बंडीकडे चालली होती. मुलगी तिचा पदर धरून चालत होती, पाय थोडे फेंगडे, पण चालत होती. आईने मला ओळखलं.

"चालते की," मी म्हटलं.

"चालते," ती म्हणाली. "बोलते उशिरा, पन बोलते." मग म्हणाली, "तुमी मनाले लावून नका घेऊ बाई. म्याच बसली होती." तिच्या लक्षात होतं.

पेट्रोल पुन्हा मिळू लागल्यावर एका सकाळी मोटारीच्या पाठीचं पिंप काढून स्टँडमागच्या उकिरड्यावर टाकलेलं दिसलं. त्या दिवशी मोटार इतकी पळाली की लोक घाबरून कांब्या धरून बसले. आसेगाव कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही. चाचांचा चेहरा आरशात दिसत होता; ते खूश नव्हते. त्यांना खोकला लागला होता, तो पेट्रोलने थोडाच जाणार होता. त्या वर्षीच त्यांनी गाडी सोडली आणि बडनेऱ्याला मुलाकडे गेले. मुलगा रेल्वेत होता. पुढच्या थंडीत ते वारल्याचं मोठ्या बाईंनी मला पत्राने कळवलं, कारण तोवर माझी बदली अकोल्याला झाली होती.

अकोल्याच्या माझ्या खोलीत विजेचा दिवा होता. आमच्या घरात तोवर वीज आली नव्हती, त्यामुळे मी पहिले काही दिवस नुसतं बटण दाबायची आणि बंद करायची. ना वात, ना काजळी, ना वास. वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, हे कशावर चालतं. ते म्हणाले, "गावात वीजघर आहे. तिथे दगडी कोळसा जळतो. आगगाडीने येतो." मी म्हटलं, "म्हणजे कोळसाच." ते म्हणाले, "कोळसाच."

रविवारी मी ते वीजघर शोधत गेले. स्टेशनाकडे, जिनिंगच्या पत्र्यांच्या शेडांमागे, एक उंच धुराडं होतं. फाटकातून आत कोळशाच्या राशी दिसत होत्या आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया फळीवरून चढून जात होत्या. त्यांचे चेहरे, हात, लुगडी एकाच रंगाची झाली होती. चौकीदाराने विचारलं, कोणाकडे काम आहे. मी म्हटलं, काम नाही, बघायला आले. त्याने मला वेडी समजून आत येऊ दिलं नाही, पण हाकललंही नाही. मी फाटकापाशी उभी राहिले. धूर वर जाऊन पूर्वेकडे वळत होता, शेतांवरून. टोपल्या रिकाम्या करून परतणाऱ्या बायांपैकी एक थांबली आणि तिने मला पाणी आहे का विचारलं. माझ्याजवळ नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून तांब्याभर आणून दिलं. तिने फाटकातून हात बाहेर काढून तांब्या घेतला, तोंड न लावता वरून प्यायली आणि तांब्या परत करताना तो माझ्या हातात काळा होऊन आला.